‘आहे की’ म्हणणारी सुवर्णा

सुवर्णा,

तू गेल्यावरचं माझं पहिलं भांडण झालं ते पेपरात द्यायच्या बातमीवरून. पुढच्या खोलीत सगळे बसले होते. भावजींच्या हातात पेन होतं, डोळे सुजले होते, म्हणून मी आधी गप्प होते. त्यांनी ‘आदर्श गृहिणी’ असं लिहिलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "भावजी, तुमची बायको नोकरी करत होती. ते लिहा." आत्तेसासूबाईंनी लगेच तोंड घातलं, "अगं, चार दिवसाची नोकरी ती. तिचं काय पेपरात घालायचं?" मी म्हटलं, "चार दिवसांची का होईना, तिची होती. ती घालायची नसेल तर गृहिणीपण घालू नका, नुसतं नाव घाला." शेवटी नुसतं नाव छापून आलं. फोटो लग्नातला. त्यात तू इतकी घाबरलेली दिसतेस, की समोरच्या दुकानदारानं विचारलं, ही कुठली सुवर्णा म्हणून.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून हे लिहिते आहे. तू गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी भांडत नाही. मी काहीही म्हटलं तरी सगळे माना डोलावतात. थोरली सून आहे, दुःखात आहे, बोलू द्या तिला, असा सगळ्यांचा भाव. मला त्याचा वैताग आला आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या घरात आपण दोघी जावा एका ओट्यापाशी इतकी वर्षं राबलो आणि आमटीतल्या मिठापासून मुलींच्या शाळेपर्यंत एकाही गोष्टीवर आपलं चटकन पटलं नाही. ते फार बरं होतं.

मी जन्मभर कॉलेजच्या आस्थापना विभागात दुसऱ्यांचे अर्ज उघडत आले. गठ्ठ्यातला अर्ज हातात घेतला की हा बाजूला पडणार की पुढं जाणार, हे मला पहिल्याच पानावर कळतं. त्याचा मला अभिमान आहे आणि थोडी शिसारीही आहे. घरात या गोष्टीचं कुणाला काही पडलं नव्हतं. तूच एके दिवशी शेंगदाणे भाजताना माझ्याजवळ सरकलीस. गाठीवरचे उपचार संपून वर्ष होत आलं होतं. डोक्यावर पोरासारखे बारके कुरळे केस आले होते आणि ते झाकायला तू पदर घेणं सोडून दिलं होतंस.

"अक्का, मला नोकरी करायची हाय."

"नोकरी लावून देईल अशी कुणाची ओळख नाही माझी. आमच्या कॉलेजात तर सध्या भरतीच नाही."

"नोकरी लावा म्हणत न्हाई मी. मागायची कशी, तेवढं शिकवा."

मी विचारलं, कशाला? दुकान चाललंय, घरात काय कमी आहे? तू भाजलेले दाणे सुपात ओतलेस आणि म्हणालीस, "परवा बँकेत त्या पोरीनं विचारलं, काय करता मॅडम. माज्या तोंडातनं आलं, आजारी असते. आजारी होते न्हाई अक्का, आजारी असते. जसं काय नोकरीच हाय ती."

 दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना चांगला जाड कागद घेऊन आले.

तुझा पहिला बायोडाटा आठवतो का? वर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’, मग पूर्ण नाव, मग उंची, मग ‘रंग गव्हाळ’, मग मामाचं गाव अक्कलकोट. मी हसून हसून खाली बसले. तू मात्र गंभीर. जन्मात एकदाच केला होता बायोडाटा, तो लग्नाचा. तोच तू मनापासून आठवून आठवून लिहिला होतास. मी म्हटलं, "बाई, ते तुला बघायला येणार नाहीत, काम द्यायला बोलावणार आहेत." तू म्हणालीस, "मग मामाचं गाव राहू दे तरी. कुणाच्या वळकीचं निघालं म्हंजे?" आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं, सोलापुरात कुणीतरी कुणाच्या तरी ओळखीचं निघतंच. तरी मी खोडलं.

मग तुझ्याकडून कामं काढून घेताना माझा जीव गेला. लग्नाआधी आणि नंतरही, गाठ सापडेपर्यंत, तू सुताच्या व्यापाऱ्याकडं हिशेब सांभाळत होतीस. तू लिहिलंस, ‘हिशेब बघितले’. मी विचारलं, बघितले म्हणजे काय केलंस? नुसतं बघत बसलीस? तू खांदे उडवलेस. शेवटी भांडता भांडता बाहेर आलं, की जीएसटी लागू झाला तेव्हा जुन्या बिलांचा जो घोळ झाला होता तो तू एकटीनं निस्तरला होतास, आणि तुझा मालक कर्नाटकातल्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलायला तुलाच बसवायचा, कारण तुझं कन्नड घरचं. "हे का नाही लिहिलंस?" तर म्हणे, "त्यात काय सांगायचं? कामच हुतं ते." आमच्याकडं येणारे अर्ज बघितलेस ना, तर अर्ध्या लोकांनी सहलीला बस ठरवली तर ‘नेतृत्वगुण’ म्हणून लिहिलेलं असतं. आणि तू, एवढं करून, हिशेब बघितले.

अर्ज एका पानात बसला. सुबक दिसत होता. फक्त मध्ये एक खड्डा होता, नोकरी सुटल्यापासून आजपर्यंतचा. त्या खड्ड्यावरून आपण किती दिवस भांडलो. मी म्हणत होते, ‘कौटुंबिक कारणास्तव खंड’ असं लिही. सगळे लिहितात. कुणी विचारत नाही. तू ऐकेनास.

"कुटुंबाला काय झालं नव्हतं अक्का. मला झालं हुतं."

"त्यांना काय करायचंय ते? अगं, आजार वाचला की अर्ज खाली जातो. मी रोज बघते. माणसं वाईट नसतात, पण हात आपोआप पुढच्या अर्जाकडं जातो."

"जाऊ दे खाली. मी काय तुरुंगात हुते काय लपवायला?"

शेवटी तू काहीच लिहिलं नाहीस, खड्डा तसाच ठेवलास आणि म्हणालीस, विचारतील तेव्हा तोंडानं सांगेन. यावर मी आजही ठाम आहे, सुवर्णा. तुझं चुकलं असं मला अजून वाटतं. तुझ्यासारखं धाडस असलेल्या माणसाला ते कळत नाही, पण गठ्ठ्यावरचा हात मी पाहिलेला आहे.

मुलाखतीची तयारी आपण स्वयंपाकघरात केली, कारण दुसरीकडं कुठं तुला बसायला सवड नव्हती. तू परातीत भाकरी थापायचीस, मी तव्यापाशी पाटावर बसून मॅडम व्हायचे. स्वतःबद्दल सांगा. आमच्याकडंच का यायचंय? कामाच्या ठिकाणी कुणाशी मतभेद झाला तर काय कराल? तू म्हणायचीस, "अक्काशी होतो तसा रोज करीन." मग मी ओरडायचे आणि तू पुन्हा नीट उत्तर द्यायचीस. घाई करायचीस. मी सांगितलं, प्रश्न आला की आधी भाकरी उलट, मग बोल. तेवढा वेळ घेतला की उत्तर डोक्यातून येतं, नाहीतर नुसतं तोंडातून येतं. ते तुला चांगलं जमलं.

जमलं नाही ते एकच.

पहिली मुलाखत सात रस्त्याजवळच्या एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात झाली. मुलाखत घेणारी बाई पुण्याहून आली होती. तू घरी आलीस ती फुलून. सगळी उत्तरं आली म्हणालीस. आणि आठवड्यानं माझ्या ओळखीतून निरोप आला, की बाई हुशार आहेत, पण जरा उर्मट वाटल्या. तू आणि उर्मट? मला पटेना. मी तुला पुन्हा समोर बसवलं आणि विचारलं, काय काय बोललीस ते जसंच्या तसं सांग.

"विचारलं, टॅली येतं का. म्हटलं, येतंय की."

"पुढं?"

"वेळेवर येऊ शकाल का. म्हटलं, येईन की. एकटीनं काम कराल का. करीन की."

मी कपाळावर हात मारून घेतला. आपल्याकडं कुणी नुसतं ‘हो’ म्हणतं का? हो की. आहे की. जेवले की. नुसतं ‘जेवले’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल, बाई रागावली आहे. आपल्या ‘की’मध्ये माया आहे, ‘तुम्ही काळजी करू नका’ असं आश्वासन आहे. पण पुण्याच्या कानाला त्याचा अर्थ लागतो, ‘येतं म्हणजे काय, हे विचारायची गोष्ट आहे का?’ त्या बाईनं एकामागून एक प्रश्न विचारले आणि तू हसतमुखानं प्रत्येकाला, तिच्या लेखी, झटकून टाकलंस.

तुला समजावलं तर तू पोट धरून हसलीस. मग एकदम गंभीर झालीस. "की काढलं तर वाक्य कसं उघडं वाटतंय अक्का. डोक्यावर पदर नसल्यागत." मी म्हटलं, पदर तू सोडलास ना? आता हेही सोड. आणि नियम केला, की सरावात एकदा ‘की’ आलं, तर एक जास्तीची भाकरी थापायची. त्या दिवसांत आपल्या घरात भाकऱ्यांचा ढीग लागायचा. त्या वाळवून कडक करून ठेवायला डबे कमी पडले. भावजी दुकानातून आले की विचारायचे, "लग्न हाय का कुणाचं?" तू आतून ओरडायचीस, "माजंच हाय की!" आणि मी बोट दाखवायचे, अजून एक.

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आपल्या घरात असं कुणी कुणाला सांगत नाही.

मग ती टॉवेलची कंपनी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, परदेशी माल पाठवणारी. ऑफिसात बिलं आणि पाठवणीची कागदपत्रं करायला माणूस हवा होता. मी तुला स्कूटरवर मागं बसवून नेलं. फिकट निळी साडी, कागद नीट फाइलमध्ये, आणि त्या कंपनीचा माल कुठं कुठं जातो ते तू आधीच शोधून पाठ केलेलं. आत जाताना तू माझ्याकडं बघितलंस. मी ओठांनी म्हटलं, ‘की’ नाही. तू मान हलवलीस. मी बाहेर बाकावर बसले, शेजारी दोन मुली होत्या, तुझ्या निम्म्या वयाच्या. त्यांच्याकडं बघून मला तुझी काळजी वाटली आणि त्यांचीही वाटली.

बाहेर आलीस ती थेट स्कूटरपाशी गेलीस. म्हणालीस, "चहा घेऊ." फाटकासमोरच्या टपरीवर बाकडं होतं, तिथं बसलो. आणि मग तू सगळी मुलाखत करून दाखवलीस. बाई पुन्हा पुण्याचीच, आणि शेजारी कंपनीचे हिशेब बघणारे म्हातारे सर, घरी तेलुगू बोलणारे, पण मराठी आपल्या पेठेतली. बाईचा आवाज तू असा काढलास, की टपरीवाला हसायला लागला. उत्तरं सगळी कशी दिली ते सांगितलंस, घोळ निस्तरल्याचं सांगितलंस, कन्नडचं सांगितलंस, भाकरी उलटण्याइतका वेळ घेऊन बोललीस. एकही ‘की’ नाही. मग बाईनं तो खड्डा विचारला.

"सरळ सांगितलं अक्का. कॅन्सर झाला होता मॅडम, उपचार घेतले. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सॉरी. मग म्हणाल्या, पण आता तुम्ही पूर्ण बऱ्या आहात ना?"

"मग?"

"म्हटलं, आहे की."

मी म्हटलं, सगळं करून शेवटी माती खाल्लीस. तू हसलीस. "न्हाई, ऐका तर. ती बाई माज्याकडं बघाय लागली. तसं ते सर म्हणाले, मॅडम, आमच्याकडं असंच म्हणतात, म्हणजे आहेत त्या बऱ्या. मग ती पण हसली."

मीही हसले. तू चहाचा ग्लास दोन्ही हातात धरला होतास. आणि त्याच आवाजात, म्हणजे अजून त्या बाईची नक्कल करावी तशा हलक्या आवाजात, म्हणालीस, "परत आलंय अक्का. लिव्हरमधी. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं. घरात अजून कुणाला ठाव न्हाई."

त्या टपरीवर मी काय काय बोलले ते मला पूर्ण आठवतं आणि मी त्यातला शब्द मागं घेत नाही. मी म्हटलं, तू एकटी कशी गेलीस डॉक्टरकडं? मी म्हटलं, मग ही मुलाखत कशासाठी दिलीस? आणि मी म्हटलं, तू खोटं बोललीस आत.

"खोटं न्हाई. ‘आहे’ म्हटलं असतं तर खोटं हुतं. ‘आहे की’ म्हटलं."

"त्यात काय फरक?"

"तुमीच शिकवलंय की. ‘की’ लावल्यावर समोरच्याला नीट कळत न्हाई."

मी उठून स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले.  समोरून कारखान्याची पाळी सुटली होती आणि डबे घेतलेल्या बायका घोळक्यानं रस्ता ओलांडत होत्या. तू त्यांच्याकडं बघत बसली होतीस. 

त्याच संध्याकाळी तू भावजींना सांगितलंस. ते भिंतीला टेकून खाली बसले. मग पुढचे दिवस पुन्हा तेच, तपासण्या, गोळ्या, पुण्याच्या डॉक्टरांचा सल्ला. आणि मध्येच कंपनीचा फोन, या म्हणून. भावजी रडकुंडीला आले, "सुवर्णा, आता न्हाई म्हण. तुला किती दिवस..."  तू म्हणालीस, "म्हणूनच." मी भावजींच्या बाजूनं होते. घरात सगळेच त्यांच्या बाजूनं होते. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, विश्रांती घेतली तर फरक पडेल, नाही घेतली तरी फार पडणार नाही. असलं उत्तर घेऊन माणसानं काय करायचं? मी त्यातलं पहिलं वाक्य धरलं, तू दुसरं धरलंस. ते भांडण अजून तिथंच उभं आहे. तू घरी राहिली असतीस, औषध नीट अंगी लागलं असतं, तर उन्हाळा बघितला असतास असं मला वाटतं. तू म्हणशील, उन्हाळा बघून काय करायचा होता, सोलापूरचा?

तू गेलीस कामाला. सकाळी डबा, पाण्याची बाटली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यावरच्या फोटोत तुझे ते बारके कुरळे केस आणि रुबाब. ओळखपत्र ऑफिसात गेल्यावर घालायचं असतं, तू घरातूनच घालून निघायचीस, गल्लीतून जाताना सगळ्यांना दिसावं म्हणून. पेठेतल्या बायका विचारायच्या, "बरं वाटतंय का आता?" तू त्यांना थांबवून टॉवेलबद्दल सांगायचीस. कुठल्या देशात कुठला रंग चालतो, कागदात एक आकडा चुकला तर सगळा माल बंदरात कसा अडकून पडतो. बरं वाटतंय का, याचं उत्तर त्यांना कधी मिळालंच नाही. आणि प्रत्येकीला तू न चुकता सांगायचीस, की माझी तयारी आमच्या अक्कानं करून घेतली. त्यामुळं मी उगीच प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट मला तू गेल्यावर कळली. ते म्हातारे सर तुला माती द्यायला आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तू कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना सगळं खरं सांगून टाकलं होतंस. म्हणाली होतीस, सर, वाटलं तर आजच काढून टाका. ते म्हणाले, "काढायचं कशाला? काम चोख हुतं." त्यांनी तुझी खुर्ची एसीच्या वाऱ्यातून हलवून खिडकीकडं ठेवली आणि दुसऱ्या कुणाला काही बोलले नाहीत. आणि मी इकडं रोज तुला टोचत होते, की कंपनीला फसवते आहेस. तू एकदाही म्हणाली नाहीस, की सांगितलंय. मला भांडू देत राहिलीस. मला तुझा राग आला तिथं, सगळ्यांसमोर, तू पुढ्यात असताना.

शेवटचे दिवस लिहावेत असे नव्हते. तुझं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले, आणि ज्या बाईनं माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही, ती पाणी मागायलाही हात हलवायची. दवाखान्यात तुझ्याजवळ मी असायचे. एकदा तू कन्नडमध्ये ‘साकु’ म्हणालीस. पुरे. मला वाटलं, पाणी पुरे. मी वाटी बाजूला केली. तू पुन्हा म्हणालीस, साकु अक्का. तेव्हा मला कळलं आणि मी न कळल्यासारखं केलं, तुझे पाय चेपत बसले. दुसरं काय करणार होते?

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. मी आधीही पाहिलं होतं, सासऱ्यांच्या वेळी. पण तुला तसं बघवलं नाही. कपाळभर विभूती, फिकट निळी साडी मीच काढून दिली होती, पाठ ताठ, मांडीवर हात. बाहेर बसा, नाव पुकारतो, असं कुणी सांगितल्यावर बसतात तशी बसली होतीस. स्वामी मंत्र म्हणत होते. बेलाची पानं पडत होती. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की टपरीवर मी तुला काय काय बोलले, पण मुलाखत फार चांगली दिलीस, हे काही बोलले नाही. नंतर रोज वेळ होता. रोज मी भांडत होते. फार चांगली दिलीस, सुवर्णा. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतकी चांगली मुलाखत ऐकली नाही. मग लोकांनी माती लोटायला सुरुवात केली.

घरात आता सगळं शांत आहे. तुझी पोरगी कॉलेजला जायला लागली. भावजी दुकान उघडतात, पण गिऱ्हाइकानं एक मागितलं तर दुसरंच काढून देतात. मी एका माणसाचा स्वयंपाक जास्त करते आणि मग तो उरतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या शिपाईबाई त्यांच्या बहिणीला घेऊन आल्या. रेणुका नाव. माढ्याकडची. नवऱ्यानं दुसरं घर केलं, तशी दोन लेकरं घेऊन इथं आली आहे. आधी गावातल्या पतसंस्थेत कामाला होती. शिपाईबाई म्हणाल्या, "तुमी तयारी करून घेता म्हणत्यात सगळी." म्हणजे तुझीच जाहिरात, अजून फिरते आहे. मी विचारलं, बोलावणं कुठून आलंय?

"अक्कलकोट रोडला म्याडम. टावेलच्या कंपनीतनं. बिलं करायचं काम हाय."

मी तिचा कागद हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. शिपाईबाईंना माहीत होतं, त्यांचा चेहरा पडला होता. रेणुकाला काही माहीत नव्हतं. ती आपली भाबडेपणानं बोलत होती. "मोबाइलवर सांगत्यात, शेवटाला आपुन बी एक प्रश्न इचारावा म्हून. मी इचारू का म्याडम, की ही जागा रिकामी कशी काय झाली? आदीच्या बाईनं सोडली का, काय तरास हाय का तितं?"

मी म्हटलं, "तिथं नको विचारू. मला विचार. माझी जाऊ बसायची त्या जागेवर. गेली ती. त्रास काही नव्हता तिथं."

तिनं एकदम पदर तोंडाशी नेला. कागद माझ्या हातातून घेऊ की नको, असा तिचा हात मध्येच थांबला. मला वाटलं, आता ही उठणार, अपशकुन म्हणून जाणार. आणि खरं सांगू? जावी असं मला वाटत होतं. त्या खिडकीपाशी, सरांनी हलवलेल्या खुर्चीवर कुणी बसूच नये असं वाटत होतं. ती जागा तुझी म्हणून तशीच राहावी. घरात तुझी जागा होतीच, आजाऱ्याची, सुनेची, आईची. ती एकच तू मागून घेतली होतीस. ती भरली की मग तुझं म्हणून या गावात काय उरतं?

रेणुका उठली नाही. खाली बघत हळूच म्हणाली, "म्याडम, मग मी तितं बसू का नको? तुमी सांगा. तुमी नको म्हणला तर न्हाई जात."

तिची लेकरं बहिणीच्या एका खोलीत आहेत. मला नको म्हणता आलं असतं. तिनं खरंच ऐकलं असतं.

मी म्हटलं, "बस. पण आधी पाठ सरळ कर." आणि मग जेवणाची सुट्टी संपून गेली तरी मी तिला सोडलं नाही. काल पुन्हा बोलावलं, आज पुन्हा. पतसंस्थेत काय काय केलंस ते खोदून खोदून काढलं. नवऱ्याबद्दल विचारलं तर रडायचं नाही, एका वाक्यात सांगायचं आणि कामावर यायचं, हे तिच्याकडून घोटून घेतलं. मी काही राखून ठेवलं नाही. चांगली आहे गं ती, घाबरते, पण एकदा सांगितलेलं विसरत नाही. सोमवारी तिची मुलाखत आहे. तिला ती जागा मिळेल, सुवर्णा.